सोनोग्राफीच्या खोलीचं दार

तिला 'गोगलगाय' हे नाव मीच ठेवलं. आमच्या इस्पितळात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर माझं टेबल. टेबलावर वही, घड्याळ आणि पेशंटच्या चिठ्ठ्या. आत मशीनवर ती. एकेकाला पंधरा मिनिटं द्यायची, असं ठरलेलं. शेजारच्या एक्स-रेमधून माणसं भराभर बाहेर पडायची आणि आमच्या बाकावरची जांभया देत बसायची. शिव्या कोण खाणार? दारावरचा माणूस, म्हणजे मी.

ती अंगाने बेताची, बोलायला त्याहून बेताची. सत्तावीस वर्षं त्याच स्टुलावर बसलेली. पेशंटच्या अंगावरून फिरवायचा प्रोब धरून धरून तिचा उजवा खांदा खाली उतरला होता. पेशंटच्या अंगाला लावायच्या जेलची बाटली ती आधी कोमट पाण्यात ठेवायची, का तर माणसाला गार लागू नये. त्यात दोन मिनिटं जायची. प्रत्येक माप दोनदा घ्यायची, त्यात आणखी चार.

वर आणि एक खोड. कानशील ठणकतंय म्हणत म्हातारी माणसं यायची. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येण्याचा एक आजार असतो, वेळेत सापडला नाही तर डोळे जातात. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, कानशिलाची रक्तवाहिनी बघा. कानशील बघून झालं की ही पेशंटला म्हणायची, "आता हात वर करा." मग दोन्ही काखा बघायची. चाळीस-चाळीस मिनिटं एकाच माणसाला.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा ऐकलं होतं," मी म्हणायचो, "तुमचं उलटंच. दुखणं डोक्यात, आणि बाई शोधतायत काखेत." बाकावरची माणसं हसायची. ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. "झालंच," म्हणायची आणि दार लावून घ्यायची. मग मी दार वाजवायचो. शेवटी मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून मी नियमच करून आणला की चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच बघायचं. तो कागद दारावर मी स्वतः चिकटवला. गड जिंकल्यासारखा त्या दिवशी मिरवत होतो.

त्याला तीन महिने झाले नसतील, तोच माझी ताई आजारी पडली. ताई शिवणकाम करते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, शिवणयंत्राचं पायडल मारून मारून. महिनाभर ती म्हणत होती, विंचरताना डोकं हुळहुळतं, घास चावताना जबडा भरून येतो. मी म्हणालो, दात दाखव, चष्मा बदल. एका सकाळी उठली तर डावा डोळा गेला होता.

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि कानशिलाची सोनोग्राफी लिहून दिली. मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला आत पाठवता आलं असतं, वही माझ्याच हातात होती. पण रांग म्हणजे रांग, सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? माझी ऐट ही अशी. ताईला मी आठव्या दिवसाची तारीख दिली.

त्या आठ दिवसांत गोळ्यांनी तिची साखर भडकली. डॉक्टर म्हणाले, "सोनोग्राफीत काही निघालं नाही तर गोळ्या बंद करू. निघालं तर साखरेचं इन्सुलिनने बघू, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. नाहीतर उजवा डोळाही जाईल." सगळं त्या एका रिपोर्टवर येऊन थांबलं.

ताई आत गेली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बाकावर कुरकुर सुरू झाली आणि माझा हात आपोआप दारावर गेला. बहीण आत असताना मी दार वाजवलं. जित्याची खोड, दुसरं काय.

दार किलकिलं झालं. तिचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चढलेला म्हणजे तुम्ही-आम्ही एरवी बोलतो तेवढा.

"कानशिलात काही दिसत नाहीये," ती म्हणाली. "आठ दिवस गोळ्या पोटात गेल्यात, तिथली सूज लवकर उतरते. काखेतली रक्तवाहिनी मोठी, तिची इतक्यात उतरत नाही. मला काखा बघायच्यात."

"मग बघा ना, बाई."

"दारावर तुमचा कागद आहे."

मी कागद ओढला. अर्धा दारालाच चिकटून राहिला. तिने मला आत घेतलं. ताई हात वर करून पडली होती, मशीनच्या पडद्यावर काळा पट्टा दिसत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना करडी जाड कड.

"मधली काळी, ती रक्ताची वाट," ती म्हणाली. "ही कड म्हणजे भिंत. एक मिलिमीटरच्या आत हवी. इथे एक पूर्णांक आठ आहे." तिने पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. दुसऱ्या काखेतही भिंत तशीच जाड.

"तिसऱ्यांदा घेता का?" मी विचारलं. मी, दुसऱ्या मापावरून सत्तावीस वर्षं कटकट करणारा. तिने तिसऱ्यांदा मोजलं.

गोळ्या चालू राहिल्या. ताईचा उजवा डोळा राहिला. सुईत दोरा अजून ती स्वतःच ओवते.

त्या दिवशी काम संपल्यावर मी आत गेलो. ती प्रोब पुसत होती. काखेचं हे कुठून शिकलात, म्हणून विचारलं.

"एक मास्तर आले होते," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. तेही गोळ्या सुरू झाल्यावरच आले होते. कानशील साफ निघालं. मला नुकतंच वाचून कळलं होतं, म्हणून काखेवर प्रोब ठेवला. पण बघायचं राहिलं. रिपोर्ट नॉर्मल गेला, गोळ्या बंद झाल्या. तीन आठवड्यांनी मुलीचा हात धरून आले, दोन्ही डोळे गेलेले. आवाजावरून मला ओळखलं. म्हणाले, बाई, तुम्ही जेल कोमट करून लावलं होतं, फार बरं वाटलं होतं."

"पण का राहिलं?"

"वेळ संपली होती," ती म्हणाली आणि प्रोब जागेवर ठेवला.

रात्रभर ते मनातून जाईना. सकाळी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. मास्तरांचं नाव सापडलं. त्याच्यापुढे लाल शाईत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'उशीर. दोनदा दार वाजवलं.'

त्यानंतरही सहा वर्षं मी तिला गोगलगाय म्हणत होतो, माणसांसमोर हसत होतो आणि ती मला "झालंच" म्हणत होती. मोठ्या डॉक्टरांपुढे एकदा जरी बोलली असती तरी माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. ती बोलली नाही. मला स्वतःची शरम वाटली, आजही वाटते.

वही उघडी धरून मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिने ती ओळ वाचली. बाटलीला हात लावून जेल कोमट झालंय का ते बघितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पुढच्या पेशंटला पाठवा."

मी पाठवलं, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.