पाचव्या आठवड्याचे सहा पक्षी

सीमेवरच्या कोगनोळी गावाच्या अलीकडे आमचं कोंबड्यांचं शेड आहे. माझी थोरली बहीण, आक्का, ते चालवते. तिनं ते सांभाळलं म्हणून घरातला मी पहिला कॉलेजात गेलो. आता बेळगावात एम.एस्सी. करतोय.

माझा प्रोजेक्टही तिच्याच शेडवर झाला. कोंबडी वाढते तेव्हा तिच्या स्नायूत नवी प्रथिनं बनतात आणि जुनी मोडलीही जातात. ती मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं कोणत्या वयात किती काम करतात, हे मला बघायचं होतं. त्यासाठी दर आठवड्याला सहा पक्षी कापून छातीचे तुकडे लगेच बर्फात ठेवायचे. जनुकांचं काम ज्यावरून मोजतात तो आतला आरएनए उशीर झाला की नासतो आणि मोजायला काही उरत नाही.

चार आठवडे मीच कापलं. पाचव्या, शेवटच्या आठवड्यात बस चुकली. पोचलो तर शेडमधले सगळे पक्षी न्यायला आलेल्या व्यापाऱ्याची गाडी दारात उभी. मला धावपळ नको म्हणून आक्कानं सहाही पक्षी कापून, धुऊन, हळद-मीठ लावून ठेवले होते. आमच्याकडे कोंबडी कापली की असंच करतात.

तेच तुकडे गुपचूप भरावेत, असं क्षणभर वाटलं.

"का रं, तोंड का पडलं?"

"आक्का, हे... हे चालणार न्हाय."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? एवढा शिकलास, एवढं सांगता येत न्हाय?"

तिचं खरंच होतं. चार आठवड्यांत मी तिला एकदाही नीट समजावलं नव्हतं. तिला कळणार नाही, असं धरून चाललो होतो.

व्यापारी ओरडला, "आक्का, भरू काय पक्षी?"

"थांबा की वाईच! अजून सहा काढायचेत."

मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. हातमोजे घालून तिनं एकेक पक्षी कापला आणि माझ्यापेक्षाही चटकन तुकडा बर्फातल्या नळीत टाकला. मधेच विचारलं, "वाढताना मोडायचं कशाला?"

"जुनं मोडून त्यातूनच नवं करतं शरीर."

"असं व्हय." आणि पुढचा पक्षी धरला. हळद लावलेल्या कोंबड्या तिनं शेजारी वाटल्या.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये तपासलं. आरएनए शाबूत होता. सहाच्या सहा नमुन्यांत. मी बाहेर येऊन तिला फोन लावला.

"आक्का, तू कापलेलं सगळं चांगलं निघालं."

"मग? मी काय वाईट कापते व्हय रं?"