सासूबाईंचा सुळा

आमच्या बेटाची लोकसंख्या दोन. त्यातला एक जण बोलत नाही, म्हणून दोघांचं मलाच बोलावं लागतं.

न बोलणारा तो माझा नवरा. नोकरीने दीपगृहाचा रखवालदार, स्वभावाने नोंदवही. बंदराच्या कचेरीत ह्यांना नोंदवही याच नावाने ओळखतात. चोवीस वर्षं रोज चार वेळा ह्यांनी वारा लिहिला, लाटा लिहिल्या, ढग लिहिले, आणि शिवाय जे जे दिसेल ते लिहिलं. त्यात मीही दिसायचे. एकदा तपासणीला आलेले साहेब वही चाळता चाळता खो खो हसायला लागले. मी डोकावून बघते तर काय, 'सकाळी सहा. वारा नैऋत्येचा, मध्यम. दूरवरचं स्वच्छ दिसतं. पत्नी रागावली आहे. कारण अज्ञात.' आता सांगा, अशा माणसाशी भांडायची तरी सोय आहे का? भांडण सरळ सरकारजमा!

बेट म्हणजे तरी काय, समुद्रातून वर आलेला काळा कातळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत सातशे चाळीस पावलं ह्यांची, माझी नऊशेवर. झाड औषधालासुद्धा नाही. पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या टाकीत धरायचं आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. उत्तरेला सरळसोट कडा, त्यावर पाणकावळे पंख पसरून उभे असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कोटांसारखे. दक्षिणेच्या उतारावर कुरव पक्ष्यांची वसाहत. विणीच्या दिवसांत हे तिथे अंडी मोजायला जातात आणि कुरव वरून झेपावून टाळक्यात चोच मारतात. म्हणून जाताना डोक्यावर पातेलं. पातेलं अर्थात माझं. त्याला सतरा पोचे आलेत, आणि हो, त्यांचीही नोंद आहे.

इतिहास आहे, पण थोडका. फार पूर्वी पक्ष्यांची विष्ठा खणून खतासाठी नेणारे लोक इथे राहून गेले. त्यांची एक गंजलेली ढकलगाडी अजून पडून आहे, आणि त्यांनी सोडलेल्या शेळ्यांचे वंशज माझे वाळत घातलेले कपडे खातात. त्याच्याही आधी कुठल्याशा फुटलेल्या जहाजातला माणूस गुहेत राहिला असावा. भिंतीवर दिवसांच्या रेघा आहेत, एक्केचाळीस.

"बेचाळिसाव्या दिवशी सुटला असणार हो," मी म्हणते.

"नोंद नाही," हे म्हणतात. झालं! संपला इतिहास.

नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा बोलायला माणूस नव्हतं, म्हणून मी खडकांना नावं ठेवायला लागले. बरं, नावं दुसरी कुठली सुचणार? सासरची माणसं तेवढी डोक्यात ताजी होती. एकमेकींकडे पाठ करून उभे असलेले दोन सुळके, त्या थोरल्या आणि धाकट्या जाऊबाई. पाणी आत शिरतं पण बाहेर यायला तयार नसतं अशी एक खाच, तो नणंदेचा रुसवा. गोल, गुळगुळीत, उन्हात सुस्त पडलेला दगड, ती भाऊजींची ढेरी. आणि पूर्वेला, धक्क्यापासून जरा लांब, एरवी पाण्याखाली असतो पण उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की एकटाच बाहेर निघतो, असा एक टोकदार खडक. आमच्या सासूबाईंचा वरचा एक सुळा असाच ओठ बंद केले तरी बाहेर डोकावतो. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासूबाईंचा सुळा.

तेव्हा हे माझ्याकडे बघून चक्क हसले होते. लग्नानंतर पहिल्यांदा.

सासूबाई मात्र चोवीस वर्षांत एकदाही इथे आल्या नाहीत. पत्र यायचं, लाँचबरोबर माझ्यासाठी लोकर यायची, पण त्या नाही. माझे सासरे याच दीपगृहाला तेल पोचवणाऱ्या बोटीवर कामाला होते. हे दहा वर्षांचे असताना ती बोट गेली ती परत आली नाही. बेटाजवळ बुडाली, एवढंच घरात सगळे सांगत, आणि त्यापुढे कोणी विचारत नसे. तेव्हापासून सासूबाईंनी बोटीत पाय ठेवला नाही. मला हे सगळं माहीत होतं, तरी मनात कुठेतरी सलायचं. लेकाच्या संसारात एकदा तरी डोकावून जावं, पसंत नसलं तर तसं तोंडावर सांगावं!

गेल्या वर्षी नकाशा करणारे साहेब आले. तीन दिवस राहिले आणि माझे महिन्याचे कांदे संपवून गेले. मी चुलीपाशी मासे तळत होते, बाहेर ह्यांची आणि साहेबांची बैठक चालली होती. साहेब म्हणत होते, "एवढे बारके खडक आम्ही नकाशात घेत नाही हो. इथल्या लोकांच्या तोंडी नाव असेल, तरच घेतो." मासा करपत होता, मी लक्ष दिलं नाही. इथले लोक म्हणजे कोण, हा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता.

पुढच्या महिन्यापासून दिवा आपोआप लागणार, माणूस नको, असा हुकूम आला. आमचं आवरायचं चाललं होतं, तेवढ्यात वायरलेस खरखरला. कचेरीतला कारकून मोठ्याने वाचून दाखवत होता, "नकाशाचा कच्चा कागद पाठवतोय. नावं तपासून, सही करून त्याच लाँचने परत द्या. दोन जाऊबाई, नणंदेचा रुसवा, भाऊजींची ढेरी, सासूबाईंचा सुळा. बरोबर?" मागे अख्खी कचेरी फिदीफिदी हसत होती.

"बरोबर," हे म्हणाले.

"आणि नोंदवही, तुमच्या मातोश्रीही त्याच लाँचने येतायत. तुम्ही निघायच्या आत एकदा बेट बघायचं म्हणतायत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चोवीस वर्षं जिची वाट बघितली, ती बाई आयुष्यात पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडणार, आणि समोर काय? सरकारी शिक्क्यासकट तिच्या दाताची टिंगल! आठ दिवस मी ह्यांच्या मागे लागले. "अहो, खोडा ना ते. काळा खडक लिहा."

"काळे खडक पुष्कळ आहेत."

"मग टोकदार खडक लिहा."

"तसं कोणी म्हणत नाही."

"अहो, कोणी म्हणजे कोण? मीच ना! मी आजपासून म्हणते!"

पालथ्या घड्यावर पाणी.

लाँच आली. आमच्याकडे धक्क्याला बोट टेकत नाही, माणसाला पाळण्यात बसवून दोरखंडाने वर ओढतात. शहात्तर वर्षांच्या सासूबाई त्या पाळण्यात ताठ बसून, डोळे गच्च मिटून वर आल्या. हातात कागदाची एक लांब नळी. "लाँचवाल्याने दिली, भिजेल म्हणाला," त्या म्हणाल्या. म्हणजे माझा गुन्हा त्यांनी स्वतःच मांडीवर जपून आणला होता! मी नळीकडे न बघता पाया पडले. त्यांनी माझी हनुवटी उचलली. "वाळलीस," एवढंच म्हणाल्या.

लाँच दोन तास थांबणार होती. ह्यांनी आल्या आल्या नकाशा टेबलावर पसरला. कागद गुंडाळला जात होता म्हणून मी लगबगीने कोपऱ्यांवर वजनं ठेवली. पहिल्या कोपऱ्यावर दुर्बीण, दुसऱ्यावर कंदील, तिसऱ्यावर ते सतरा पोच्यांचं पातेलं. आणि बिस्किटांचा डबा बरोबर पूर्वेच्या समुद्रावर, सुळ्याच्या डोक्यावर. मनात म्हटलं, बघू आता कसा निघतो.

चहा झाला. सासूबाईंनी जाऊबाई वाचल्या, भाऊजींची ढेरी वाचली, "खरंच की, सुटलीय त्याची," म्हणाल्या. माझ्या जिवात जरा जीव आला. आणि मग, बिस्कीट हवं म्हणून, त्यांनी डबा उचलून मांडीवर घेतला.

चष्मा नाकावर सरकवून त्यांनी ती बारीक अक्षरं वाचली. ओठ बंद होते, सुळा बाहेर होता.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"हिने," हे म्हणाले. काय बाई सांगू, या माणसाला एकदा तरी खोटं बोलता यावं!

"आई, मी चुकले," मी म्हणाले. "तेव्हा अक्कल नव्हती. आत्ता खोडते."

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या लेकाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "मला दाखव."

ओहोटी लागली होती. हे त्यांना हाताला धरून पूर्वेच्या खिडकीशी घेऊन गेले. लांब पाण्यात तो एवढासा काळा दगड वर आला होता. लाट त्याच्यावर फुटायची आणि पांढरी होऊन परत जायची.

"हाच का रे तो?"

"हो, आई. बाबांची बोट यालाच लागली. माझ्या आधीच्या रखवालदाराने दाखवला होता. तेव्हाच्या नकाशात इथे नुसतं पाणी आहे."

मी खुर्चीची पाठ धरली. चोवीस वर्षं मी त्या दगडाकडे बघून हसत होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खिडकीशी नेऊन, हातवारे करून दाखवत होते.

"अहो, मला का नाही सांगितलं?"

ह्यांनी एवढं लांबलचक बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आलो तेव्हा मला या खिडकीत उभं राहवत नव्हतं. नोंद करायची म्हणून यायचो आणि नजर चुकवायचो. तू आलीस, हसलीस, त्याला नाव ठेवलंस. मग बघता यायला लागलं. सांगितलं असतं तर तू हसायची थांबली असतीस." मग म्हणाले, "कचेरीला अकरा पत्रं लिहिली, हा खडक नकाशात घ्या म्हणून. लहान आहे म्हणाले. बिननावाचा आहे म्हणाले. नाव तर होतं."

मला काही बोलता येईना. मला! सासूबाई खिडकीतून हलल्या नाहीत. "बुडाली, बुडाली म्हणाले सगळे," त्या म्हणाल्या. "कशावर, ते एकाने सांगितलं नाही. छत्तीस वर्षं मला अख्खा समुद्रच वैरी वाटत होता. एवढासा तर आहे मेला." मग माझ्याकडे वळल्या. "तुझे सासरे या दातावरून मला फार चिडवायचे. त्यांच्यानंतर कोणाची हिंमत झाली नव्हती."

खाली लाँचने भोंगा दिला. मी पेन घेऊन नकाशाकडे गेले आणि पुन्हा म्हणाले, "आई, खोडू ना?"

"खबरदार!" त्यांनी पेन माझ्या हातातून काढून लेकाला दिलं. "सही कर रे. माझा दात बघून तरी लोक बोटी लांबून नेतील."

ह्यांनी सही केली. नळी पाळण्यातून खाली गेली. सासूबाई मात्र गेल्या नाहीत. महिनाअखेरीस सामानाबरोबरच जाईन म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा घेऊन पुन्हा खिडकीशी बसल्या.

संध्याकाळी हे दिवा लावायला वर गेले तेव्हा मी वही उघडली. शाई अजून ओली होती.

'सायंकाळी सहा. वारा मंद. समुद्र शांत. सासूबाईंचा सुळा ओहोटीला स्पष्ट दिसला, आईने पाहिला. पत्नी रडली. कारण माहीत आहे.'