चुकलेली दारफाळणी

लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्याला आले तेव्हा माझी समजूत अशी, की एका ख्रिस्ती घरातून दुसऱ्या ख्रिस्ती घरात चालले आहे, नवीन शिकण्यासारखं काही नसणार. माझे वडील सांगलीला मिशनच्या शाळेत मास्तर होते. नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि दर रविवारची उपासना एवढ्यात आमचं वर्ष मावायचं. सासरी येऊन बघते तो सण दुप्पट. त्यातल्या निम्म्यांची नावं मी बापजन्मी ऐकली नव्हती, आणि उरलेली फक्त पवित्र शास्त्रात वाचली होती.

आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर. मूळचे कुलाब्याकडच्या एका खेड्यातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले यहुदी. घरचा तेलाचा घाणा आणि तो शनिवारी बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. नोकरीच्या शोधात घाट चढून हे मिशनच्या दवाखान्यात लागले, तिथे नवा करार वाचला, आणि येशू हाच आपला मशीहा असं यांच्या मनानं घेतलं. घेतलं तर घेतलं, गप्प बसावं की नाही? यांनी ते पत्र लिहून घरी कळवलं. थोरल्या भावानं अंगातला सदरा फाडला, सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळलं आणि धाकटा वारला म्हणून गावभर सांगितलं. घरात आई होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

"पण मी सोडलं काय?" हे म्हणत. "ज्याची वाट बघत आम्ही बसलो होतो तो आला, एवढंच माझं म्हणणं. पाहुणा आला म्हणून कुणी घर सोडून जातं का?"

त्यामुळे सगळे सण चालूच. चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला वल्हांडण. इस्राएल लोकांची मिसर देशातून सुटका झाली त्या रात्री कोकराचं रक्त दाराला लावलं होतं, त्याची आठवण. आता कोकरू कापायचं नाही, आपलं कोकरू म्हणजे येशू, ते एकदाच आणि कायमचं कापलं गेलं, असं हे सांगत, आणि सांगताना दर साली यांचा आवाज बसायचा. पण बिनखमिराची भाकर मात्र हवीच. मी म्हटलं, "साताऱ्यात भाकरीत खमीर घालतं कोण? आपला रोजच वल्हांडण." हे हसले नाहीत. मग पावसाळा सरल्यावर मांडवांचा सण. रानात चाळीस वर्षं राहुट्यांत काढली त्याची आठवण, आणि यांच्या लेखी, देव आपल्यात मुक्कामाला आला त्याचीही. परसात चार बांबू रोवायचे, वर उसाचं पाचट टाकायचं आणि त्याखाली बसून जेवायचं. आमच्या घरमालकीणबाई रहिमतपूरकडच्या शेतकरी घरातल्या, थोरला मुलगा पलटणीत. त्यांनी पहिल्या वर्षी तो मांडव बघितला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरीणबाई, लगीन कुणाचं हाय गं?"

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते म्हणून मास्तरीणबाई.

पाळकसाहेबांना यातलं काहीच पसंत नव्हतं. एकदा ते घरी येऊन म्हणाले, "हे सण म्हणजे सावली होती. ज्याची सावली तो आला. आता सावली कवटाळून काय बसलात?" हे म्हणाले, "साहेब, माणूस दारात आला म्हणून त्याची सावली काय झाडून काढायची?" मला ते उत्तर फार आवडलं. पुढच्याच रविवारी त्यांनी यांच्याकडचा रविवारच्या शाळेतला मुलांचा वर्ग काढून घेतला, तेव्हा तेच उत्तर मला अजिबात आवडेनासं झालं.

माझं स्वतःचं भांडण मात्र एकाच सणाशी होतं. त्याला हे लोक दारफाळणी म्हणतात. यहुदी वर्षाच्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आधी गरम आणि मग गार पाण्यानं अंघोळ करायची, पांढरे कपडे घालायचे आणि दार लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, कुणाला शिवायचं नाही, आणि बाहेरून कडी वाजली तरी ओ द्यायची नाही.

मी वादाला उभी राहायची. "येशूच्या मरणानं प्रायश्चित्त एकदाच झालं, देवामाणसांमधला देवळातला पडदा फाटला, असं तुम्हीच मुलांना शिकवत होता. मग पोटाला हा चिमटा कशासाठी? वधस्तंभावरचं पुरलं नाही वाटतं?"

दोन वर्षं हे मला शास्त्रातली वचनं काढून दाखवत राहिले. तिसऱ्या वर्षी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुरलं. मला पुरलं. पण त्या दिवशी आमच्या गावात आमच्या लोकांचं प्रत्येक दार लागलेलं असतं. आत आई बसलेली असते, भाऊ बसलेला असतो. त्यांच्या दारातून मला आत घेत नाहीत. पण त्याच घटकेला माझं दार तर मला लावता येतं? तेवढा एक दिवस आम्ही सगळे एकत्र बसतो. त्यांना ते ठाऊक नसेना का."

मीही उपास धरायला लागले. चार वाजेतो डोकं ठणकायचं आणि मी मनातल्या मनात सगळ्या कोकणाला शिव्या द्यायची, पण धरायची. खरं सांगायचं तर मला यांचा हेवा वाटायचा. माझ्या पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा मागचं सगळं पुसून टाकलं. गावात दसरा असला की आमच्या घरी मुद्दाम माळ्यावरची भांडी घासायला काढत. लहानपणी मी राखेनं तांब्या घाशीत बाहेरचे ढोल ऐकत बसायची. ज्यांच्यासाठी दार लावून बसावं असं मागे कुणी आम्हाला उरलंच नव्हतं.

दारफाळणी नेमकी कुठल्या दिवशी, हे कळायची एकच वाट होती. यांची बहीण पनवेलला दिलेली. ती दर श्रावणात एक कार्ड टाकायची. वर मायना नाही, खाली सही नाही, खुशाली नाही. फक्त सणांच्या तारखा. ते कार्ड हे वर्षभर खिशात बाळगत.

बेचाळीस साली कार्ड आलं नाही. ते दिवसच तसे होते. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या धुरावर चालवत. कुठे तारा तोडल्या, कुठे टपाल जाळलं, अमक्याच्या घरी झडती झाली, असं रोज काही ना काही कानावर यायचं. हे दवाखान्यातून येताना पोस्टावरून वळसा घालून येत आणि हात हलवत घरी येत. रात्री जेवताना मध्येच घास थांबायचा. बहीण आजारी असेल का? तिच्या नवऱ्याला कळलं असेल का? आईला काही झालं असेल का? मी म्हटलं, "पुण्याला तुमच्या समाजाची मंडळी आहेत. त्यांना लिहा की." हे म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या पत्राला उत्तर कोण देतं?"

शेवटी यांनी घरमालकीणबाईंचं पंचांग मागून आणलं. वल्हांडण चैत्रात, तो पहिला महिना. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असं बोटांवर मोजत गेले. सातवा अश्विन. मीही मोजलं, सातवा अश्विनच. अमावास्येनंतरचा दहावा दिवस म्हणजे दसरा. "दर साली मागंपुढं येतातच दोन्ही," हे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आता दसऱ्याला दार लावून बसायचं म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडावरच लावायचं. आम्हाला सोनं लुटायचं नव्हतं, पण कुणी आपट्याची पानं हातावर ठेवली तर हसून घ्यायची एवढा शेजारधर्म होता. आदल्या दिवशी मी घरमालकीणबाईंना सांगून आले, की उद्या आमचं दार दिवसभर बंद राहील, उपास आहे.

"उपासाला दार कशापायी लावायचं?" त्या म्हणाल्या. "मग देव येनार कुठनं?"

दुसऱ्या दिवशी हे पांढरं धोतर नेसून, पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून चटईवर प्रार्थना पुटपुटत बसले होते आणि मी स्वयंपाकघरातून सोप्यात, सोप्यातून स्वयंपाकघरात अशा येरझाऱ्या घालत होते. कशातच मन लागेना. बाहेर ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती. दर थोड्या वेळानं कडी वाजायची. कुणी तरी दाराच्या फटीतून दोन पानं आत सरकवली. मग घरमालकीणबाईंचा आवाज आला, "मास्तरीणबाई, सोनं घ्या गं! आवं, जित्ती हायसा न्हवं?" मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. लाज वाटत होती, भूक लागली होती, आणि संतापही आला होता, यांचा, त्यांचा आणि माझाही.

चारच्या सुमाराला कडी पुन्हा वाजली, हळू. बाईचा आवाज होता, म्हातारा. तिनं यांना एका लहानपणच्या लाडक्या नावानं हाक मारली. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

यांचं पुटपुटणं थांबलं. "आई," हे म्हणाले.

मी धावतच दाराकडे गेले. यांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. ज्या दिवशी कुणाला शिवायचं नाही त्या दिवशी असं घट्ट धरलं, की दोन दिवस वळ राहिला.

"उघडू नको."

"अहो, आई आहेत ना?"

"आई दारफाळणीला घराबाहेर पाऊल टाकणार नाही. जीव गेला तरी टाकणार नाही." मग यांचा चेहरा पांढरा पडला. "आमच्यात म्हणतात, या दिवशी गेलेली माणसं घरी येऊन जातात. आई गेली. म्हणूनच कार्ड आलं नाही."

मिशनच्या मास्तरांची मुलगी मी, पण अंगावर सरसरून काटा आला. हेच गृहस्थ रविवारी पुनरुत्थानावर तासभर बोलू शकत. पण हाडात मुरलेलं ते मुरलेलंच. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अरे, त्या कोळशाच्या मोटारीनं हाडं खिळखिळी केली माझी. घोटभर पाणी तरी देशील की नाही?"

"भूत मोटारीनं येत नाही," मी म्हटलं, हात सोडवून घेतला आणि कडी काढली.

दारात एक बुटकी म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, काखेत गाठोडं, तोंडावर मोटारीची काजळी. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्याआडून ती मुलाकडे बघत होती.

"पांढरं का नेसलास रे?"

"आज दारफाळणी ना, आई."

"दारफाळणी? ती होऊन महिना लोटला. गौरी-गणपतीच्या दिवसांत झाली. बहिणीचं कार्ड नाही मिळालं? टाकलं होतं म्हणाली, इथला पत्ताही तिनंच दिला मला."

घरमालकीणबाई अंगणात आपट्याची डहाळी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "आवं, धोंड्याचा म्हैना मोजला न्हाई व्हय तुमी? औंदा जेठ दोन हुतं की!" खरंच. त्या अधिक महिन्यात जावयासाठी केलेले अनारसे त्यांनी आम्हालाही दिले होते. आम्ही ते मिटक्या मारीत खाल्ले, आणि मोजताना तो सबंध महिना गाळला. तो धरला तर सातवा भाद्रपद येत होता.

हे उंबऱ्याशी खाली बसले. यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. त्या खऱ्या दिवशी हे दवाखान्यात बाटल्या भरत होते. दुपारी मी बांधून दिलेली पिठलं-भाकरी खाल्ली होती. वर्षातला एकच दिवस आपल्या माणसांबरोबर बसायचा, तो असा गेला होता, आणि आज हे एकटेच उपाशी बसले होते.

मी सासूबाईंना पाणी दिलं. त्या घटाघटा प्यायल्या आणि मग पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "तुमचा मशीहा मला पटलेला नाही. ते आधीच सांगून ठेवते."

"नसू दे," मी म्हटलं. "आत या."

हे अजून तिथेच बसून होते. "आई," हे म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्यात नव्हतो गं."

"होतास की."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले.

"आदल्या संध्याकाळी गेलेल्या माणसांचे पाट मांडतो ना आपण, उपासाआधीच्या जेवणाला? तुझ्या बापाचा मांडला, आजोबाचा मांडला आणि तुझाही मांडला. दर साली मनात यायचं, यंदा धीर केला. थोरला ओरडला, त्याचा कशाला? मी म्हटलं, तूच ना सदरा फाडलास? तूच ना सुतक धरलंस? मग मेलेल्या माणसाला आजच्या दिवशी अडवणारा तू कोण?" त्यांनी पदरानं तोंडावरची काजळी पुसली. "मग वाटलं, पोटच्या पोराला असं मेलेल्यांत किती दिवस वाढायचं? म्हणून आले."

मग यांनी विचारलं, "दादा काय म्हणाला?"

"काय म्हणणार? काही नाही. सारं घर मोकळं पडलं होतं, पण तुझ्या पाटाला खेटून बसला, आणि जेवण संपेतो तिथून हलला नाही."