किल्लीवालीचा कडू चहा

किल्लीवालीच्या घरचा चहा म्हणजे काळाकुट्ट, उकळून उकळून जीव घेतलेला आणि औषधालाही लाजवेल असा कडू. तीन पिढ्या कुलपं-किल्ल्यांवर जगलेलं ते घर. गोडानं बोटं चिकट होतात आणि किल्लीवरून कानस घसरते, यावर तिन्ही पिढ्यांचा गाढ विश्वास. तिला तर दूध सुटल्या सुटल्याच हा काढा पाजला होता. दुसऱ्यांकडचा चहा तिला भांडी विसळल्याच्या पाण्यासारखा लागायचा.

या चहानं तिची कितीतरी स्थळं पिटाळली होती. मंडळी यायची, एक घोट घ्यायची आणि काढता पाय घ्यायची. ज्याला आपला चहा झेपत नाही त्याला आपलं घर काय झेपणार, असं बाबा म्हणायचे. तिलाही ते पटायचं. चाळिशीपर्यंत पटलं.

मग तिच्या दुकानात एक बसड्रायव्हर येऊ लागला. त्याच्या घराची किल्ली सारखी हरवायची. एवढी मोठी बस सांभाळणाऱ्याला बोटभर किल्ली सांभाळता येत नाही, याचं कोणालाही नवल वाटलं असतं. पण ही बया प्रेमात पडलेली, तिला कसलं नवल! त्यानं घरी येऊन बाबांशी बोलायचं ठरवलं तेव्हा तिला एकच धास्ती होती, चहाची. पातळ करावा म्हणून ती लवकर उठली, तर बाबा आधीच शेगडीपाशी ठाण मांडून बसलेले.

तो आला, बसला, डोळे मिटले आणि अख्खा कप रिकामा केला.

कप रिकामा म्हणजे पाहुणा अजून तहानलेला, ही त्या घरची रीत. तिनं लगेच भरला. त्यानं संपवला. तिनं पुन्हा भरला, त्यानं पुन्हा संपवला. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. बाबांनी मिशीवर हात फिरवला आणि स्वतः उठून दुसरं आधण ठेवलं. माणूस अस्सल आहे, असं ते तिच्या कानाशी पुटपुटले. इकडे अस्सल माणसाच्या कपाळावर घाम आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले.

ती पुन्हा किटली घेऊन वाकली, तेव्हा त्यानं कपावर हातच ठेवला.

"माफ करा," तो म्हणाला. "आमच्याकडे कपात घोट ठेवणं म्हणजे यजमानाचा अपमान. तुम्ही भरताय म्हणून मी संपवतोय."

म्हणजे आवड नव्हतीच, नुसती रीतभात. एवढा वेळ आपण वेड्यासारखे हुरळलो, याची तिला भयंकर लाज वाटली.

"म्हणजे चहा आवडला नाही तुम्हाला?"

"विष आहे हो नुसतं," तो हसत म्हणाला. "पण पहिल्या कपानंतर काहीतरी निमित्त काढून उठता आलं असतं. मला उठायचंच नव्हतं."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती थांबलीच नाही. कपाटातली वाटी उचलली, चपला न घालताच धावत जिना उतरली आणि खालच्या काकूंचं दार वाजवलं. धाप लागलेली, चेहरा लालबुंद, हसू आवरत नव्हतं. वाटीभर साखर द्या, म्हणाली.

काकू बघतच राहिल्या. या घरातून साखर मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"पाहुणे आलेत वाटतं?"

"नाही हो काकू," ती म्हणाली, "घरचंच माणूस आहे."