जॉस हाउसमधला कौल

कार्डिफमधल्या एका छोट्याशा म्युझियमच्या मागच्या खोलीत इरावतीबाई दर बुधवारी जुनी लेबलं नव्यानं लिहायला बसत. हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाल्या तरी बाईंचा हातमोज्यांचा सोस काही सुटला नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय, ते तर असंही म्हणत, की बाई देवाला कौल लावतात तो उत्तर मनात ठरवूनच.

त्या बुधवारी मात्र मनात काही ठरतच नव्हतं. ब्रिस्टलहून शाल्मलीचा, लेकीचा, मेसेज आला होता: "आई, घर विकून इकडे येणार की नाही, आज फायनल सांग."

लेबलासाठी आलेल्या पेटीतून चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे निघाले. एक बाजू सपाट, एक फुगीर. सोबत कुणा कप्तानाची चिठ्ठी: 'जॉस हाउसमधून. उपयोग अज्ञात.'

"हे जॉस हाउस काय गं?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मिसेस लामला विचारलं. ही हाँगकाँगची, बाईंच्याच वयाची, जिभेनं तिखट.

"आमची देवळं. जुने इंग्रज असंच म्हणायचे. पोर्तुगीजांचा देव, तो देउश. आमच्या बंदरांत खलाशांच्या तोंडी घासून घासून त्याचा जॉस झाला."

"म्हणजे देवघरच की!" बाई मालवणच्या, गोव्याकडचा देउश त्यांच्या ओळखीचा.

"आणि उपयोग अज्ञात म्हणे! देवाला विचारायचं नि खाली टाकायचे. तो उत्तर देतो."

"अगो बाई, हा तर कौल!"

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. पेटीतून जुन्या धुपाचा वास आला आणि खोलीच्या भिंती जणू मागे सरकल्या. लाल खांब उभे राहिले, खांबांपलीकडे गावच्या रवळनाथाची समई हलली, आणि कुठूनसं कुणीतरी "होय म्हाराजा" म्हटलं. क्युरेटर चहाला गेलाय हे बघून बाईंनी हातमोज्यांतच तुकडे तळहातांत जोडून धरले.

"बा देवा म्हाराजा, तू जो कोण असशील तो, लेकीकडे जाणं बरं ना?"

खट्. खट्. दोन्ही सपाट बाजू वर.

"दोन्ही सारखे. म्हणजे उजवा कौल," बाई पुटपुटल्या. "जायचं तर मग." आणि मटकन खुर्चीत बसल्या.

मिसेस लाम खुदखुदायला लागली. "एक सपाट, एक फुगीर पडलं तर हो. दोन्ही सपाट म्हणजे देव हसला."

"कुणाला?"

"तुला! जायचं म्हणालीस नि तोंड बघ कसं झालंय. सुतक आल्यासारखं. जे हवंय ते विचार ना, बये."

बाईंनी तुकडे पुन्हा उचलले. बराच वेळ ते ओंजळीत तसेच राहिले. मग टाकलेच नाहीत. अलगद कापसात ठेवून त्यांनी फोन लावला.

"शाल्मली, घर विकायचं नाही. मी इथंच राहणार."

"आई! कोणी सांगितलं तुला असं?"

"कुणी नाही गं. तो नुसता हसला."