भरलेला रकाना

बौद्ध लग्नातली जयमंगल अष्टगाथा संपून वधूवरांवर फुलं पडली की बाई शेजारच्याकडे वळून म्हणत, “चला, दोन जागा खाली झाल्या.” ज्याला माहीत नसे तो मांडवातल्या खुर्च्यांकडे पाहू लागे.

जागा मांडवातल्या नव्हत्या. बाईंच्या घरातल्या कम्प्युटरमधल्या होत्या.

त्या वेळी मी नागपूरच्या एका दैनिकाचा चंद्रपूरचा वार्ताहर होतो आणि बाई दोन घरं पलीकडे राहत. आरोग्य खात्यातली त्यांची नोकरी सिरोंच्यापासून धानोऱ्यापर्यंतच्या गावांत फिरण्यात गेली होती. लहान पोरांना लस टोचताना घरात लग्नाचं कोण आहे हे त्यांच्या आपोआप ध्यानात राही. निवृत्त झाल्यावर त्यांनी समाजातल्या मुलामुलींची माहिती जमवून स्थळं सुचवायला सुरुवात केली. फी नव्हती. चहा मात्र त्यांच्याच घरचा घ्यावा लागे आणि त्यात साखर भरपूर असे.

एकाच गावात राहून दर वर्षी शंभर घरांची नड सांभाळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाईंचं वेगळेपण एवढंच, की ऐंशीचं दशक संपता संपता त्यांच्याकडे कम्प्युटर आला. धाकटा भाऊ गडचांदूरच्या बाजूला सिमेंट कारखान्यात इंजिनिअर होता. त्याने नवं यंत्र घेतलं आणि जुनं बहिणीकडे आणून ठेवलं.

घरात कूलर एकच. उन्हाळ्यात त्याचं तोंड यंत्राकडे असे आणि बाईंचे यजमान ओला पंचा खांद्यावर टाकून व्हरांड्यात बसत. ते कुरकुरले की बाई म्हणत, “तुम्ही गरम झाले तर घाम येते. ते गरम झालं तर बंद पडते.”

यंत्राच्या एका खाचेत प्रोग्रामची फ्लॉपी आणि दुसऱ्या खाचेत माहितीची. सगळी मुलंमुली त्या दुसऱ्या फ्लॉपीत. नावं इंग्रजी लिपीत. बाई एका बोटाने टाइप करत आणि चूक झाली की यंत्राला नव्हे, समोर बसलेल्या पाहुण्याला थांबायला सांगत.

मे महिन्यात समाजाच्या सभागृहात वधूवर मेळावा ठरला होता. त्याच्या आधी दोन-तीन आठवडे आलापल्लीहून एक गृहस्थ आले. लाकडाच्या डेपोत नोकरी, मुलगी नर्सिंग शिकलेली. जंगलाच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला स्थळं घरी चालून येत नाहीत, त्यामुळे मेळाव्याच्या यादीत मुलीचं नाव लागावं एवढ्यासाठी ते दिवसभर एस.टी.त बसून आले होते. बाईंनी नाव टाइप केलं. यंत्राने ते घेतलं नाही. फ्लॉपी भरली होती.

“बसा,” बाई म्हणाल्या. “जागा करतो.”

रविवार होता, म्हणून भाऊ बहिणीकडे आलेला होता आणि मीही तिथेच बसलो होतो. तो म्हणाला, “ताई, जुने काढून टाक न. पाच-पाच वर्षांपासून पडून आहेत.”

“पडून? सिमेंटची पोती आहेत का ते?”

“मग दुसरी फ्लॉपी घे.”

“पोट्टी या फ्लॉपीत न पोट्टा त्या फ्लॉपीत. मग जमवाचं कसं, बाबू? तू जाशील का निरोप घेऊन?”

आलापल्लीचे गृहस्थ हसले. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

भाऊ कामाला बसला. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की लग्न झालेल्यांची नावं बाईंनी काढली तरी यंत्र त्यांच्यावर नुसती खूण करत होतं. नावं आतच होती. “म्हणजे पोट्टी सासरी गेली न इथी तिचं अंथरूण टाकूनच आहे,” बाई म्हणाल्या. भावाने ती अंथरुणं गुंडाळली. थोडी जागा झाली, पण मेळाव्यासाठी आलेली, रांगेतली नावं बरीच होती.

मग बाईंनी विचारलं, “हे मधे मधे कोरं काय दिसून राह्यलं?”

भावाने सांगितलं. प्रोग्राम नागपूरच्या एका विवाह मंडळासाठी केलेला होता. त्यात रास, नक्षत्र, नाडी, गण, गोत्र, कुलदैवत असे रकाने होते. बाईंकडे ते कोणी भरत नसे. पण रकाना रिकामा असला तरी यंत्र प्रत्येक नावामागे त्याची पूर्ण जागा धरून ठेवतं.

“रिकामा असून?”

“रिकामा असून.”

बाईंचे वडील छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन नागपूरहून आले तेव्हा त्यांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. हे बाईंनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. “आम्ही घरातून काढलं,” त्या म्हणाल्या, “न हे फुकटात जागा अडवून बसलं. काढ सगळं.”

एकेक रकाना गेला. नवी फ्लॉपी घालून सगळी नावं तीवर उतरवली तेव्हा जवळजवळ निम्मी जागा मोकळी होती. आलापल्लीच्या मुलीचं नाव बसलं, रांगेतली इतर नावंही बसली. भाऊ उठायला लागला.

“थांब. तो एक राह्यला,” बाई म्हणाल्या.

राहिलेला रकाना पोटजातीचा होता.

“ताई, तो रिकामा नाही. तो सगळ्यांनी भरला आहे.”

“दिसते मले.”

“आता जागा झाली न. राहू दे. लोक पहिल्यांदा तेच पाहतात.”

“जागा झाली म्हणून काय काहीही ठेवाचं?”

भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बातमीदार होतो, मत द्यायला बसलो नव्हतो. आलापल्लीचे गृहस्थ पुढे सरकले. “बाई, माझ्या पोरीचं ते दिसलं नाई तर कोणी विचारन का?”

“कोणी विचारलं तर तुम्ही सांगजा. मी नाई सांगत.” मग भावाला म्हणाल्या, “सरक.” तो रकाना त्यांनी स्वतः काढला.

यादी छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी मेळावा भरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष आले. निवृत्त अधिकारी, समाजात मान, सभागृहाची किल्ली त्यांच्या हातात.

“बाई, छापताना एक गोष्ट राहिली.”

“राह्यली नाई, साहेब. काढली.”

“तुम्ही काढल्याने ती जाते का?”

“नाई जात. पण माह्या घरात तिले जागा नाई.”

“मग आमच्या सभागृहात तुमच्या यादीला जागा नाही. आणि आमच्या घरची नावंही काढा.”

बाईंनी तिथेच यंत्र सुरू करून त्यांच्या घरची दोन नावं काढली आणि खूण केलेली नावंही उरू नयेत म्हणून भावाने शिकवलेलं सगळं केलं. साहेबांना तोवर कूलरसमोर बसवून ठेवलं. त्यानंतर आठवडाभर लोक नावं काढायला येत राहिले. बाई प्रत्येकाला चहा देत.

मेळावा बाईंच्या गल्लीत कापडी मांडव घालून झाला. अपेक्षेच्या निम्मी माणसं आली. बाईंनी माइक न घेता नावं वाचली. नाव, शिक्षण, नोकरी, गाव. आलापल्लीची मुलगी वडिलांच्या बाजूला उभी होती. तिला एका कुटुंबाने विचारलं आणि थंडीत तिचं लग्न झालं. मी बातमी दिली होती, ती चार ओळींची छापून आली.

बाई आता नाहीत. ते यंत्रही नाही. त्यांची आठवण निघाली की लोक मेळाव्याबद्दल बोलतात. मला मात्र मेळाव्यानंतरच्या एका दुपारचं आठवतं. मी त्यांच्या घरी वर्तमानपत्र द्यायला गेलो होतो. मागच्या दाराची कडी वाजली. दारात साहेबांची पत्नी उभी होती, डोक्यावरून पदर, चेहरा उन्हाने लाल. त्यांनी पदराखालून नातीचा फोटो काढला.

“यांना माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, यंत्रावरचा कपडा बाजूला केला आणि बोट कळफलकावर ठेवून विचारलं, “पोट्टी शिकली किती?”