लांडगीची नजर

शिकारीच्या गोष्टी ऐकत आयुष्य गेलं, पण रानात पाऊल म्हणून टाकलं नाही, असा हा माणूस. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचा. सगळे त्याला पेंढेकाका म्हणत. सख्खा पुतण्यासुद्धा तेच म्हणायचा, आता बोला!

बोलायचं मात्र नाव नको. कामाला बसला की मिठाची गुळणी धरायचा. बोलायची त्याची बायको. दुपारी डबा घेऊन यायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून त्याला गोष्टी वाचून दाखवायची. वाचनालयातून आणायची त्याही शिकारीच्याच. नवरा जनावरांत रमतो ना, मग जनावरांच्याच गोष्टी, असा तिचा साधा हिशेब.

एका गोष्टीतला म्हातारा शिकारी एका लांडगीच्या मागे अख्खा हिवाळा बर्फात फिरतो. वाचून संपल्यावर तिने विचारलं, "अहो, यातली लांडगी म्हणजे कोण असेल?"

"लांडगी म्हणजे लांडगी. चार पाय, एक शेपूट."

"गोष्टीतलं रान नुसतं रान नसतं हो!"

"मग काय बाजारपेठ असते?"

तिने कपाळावर हात मारला आणि डबा उघडला.

पण तिच्याशिवाय त्याचं एक काम अडायचं. जनावराचे काचेचे डोळे बसवताना तो मागून त्याच्या डोक्यावर वाकायचा आणि ओल्या मातीत ते डोळे बोटांनी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा. नजर समोरच्यावर लागली की नाही, हे मागून कसं कळणार? ते ती स्टुलावरून सांगायची. "अजून जरा डावीकडे. अं, अजून थोडं. छे, गेली बघा!" दुपारची संध्याकाळ व्हायची. तो वैतागायचा, "एवढं दिसत नाही का तुला?" मग कधीतरी ती म्हणायची, "हां, बघतोय आता माझ्याकडे."

ती बसून बघायची, त्यामुळे दालनातली झाडून सगळी जनावरं खाली बघतात. संग्रहालयाच्या मॅडम नाक मुरडायच्या. "काका, तुमचा वाघ लोकांच्या डोळ्यांत बघत नाही हो, पोटाकडे बघतो. जेवलात का, असं विचारल्यासारखा!" काका हूं करायचे. बदलायचे नाहीत.

बायको गेली. त्यानंतर शिकारबंदीमुळे काम जवळजवळ संपलंच होतं, तोच रस्त्यावर गाडीखाली आलेली एक लांडगी मॅडमनी आणवली. वर स्पष्ट बजावलं, "या वेळी नजर उभ्या माणसाच्या डोळ्यांत हवी. नाही जमलं तर यापुढे तयार जनावरं बाहेरून मागवू आणि ही खोली सामानाला देऊ." घरी रिकाम्या भिंती. ही खोली गेली तर दिवसभर जायचं कुठे?

कातडं चढवलं, टाके घातले, डोळ्यांपाशी येऊन हात थांबले. त्यांनी पहारेकऱ्याला समोर उभं केलं.

"बघते का तुझ्याकडे?"

"बघते की काका! एकदम झकास!" तो गडी एका डोळ्याने दाराबाहेरच्या चहावाल्याकडे बघत होता. काकांनी त्याला हाकललं.

मग ते स्वतःच जाऊन स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसल्या बसल्या त्यांना दिसलं की उजवा डोळा बाहेर पळतोय. उठून सरकवला, परत येऊन बसले. लांडगी सरळ त्यांच्याकडे बघत होती. झालं काम, एवढ्यात! यात कळायला अवघड असं काही नव्हतंच. आंधळा सोडला तर कुणीही एका नजरेत सांगितलं असतं.

मग ती लगेच का सांगत नव्हती?

काका लांडगीकडे बघत राहिले. तिच्या दोन कानांच्या मधोमध, जरासं वर, आता नुसती भिंत होती. डोळे बसवताना त्यांचा चेहरा नेमका तिथे यायचा. वाकलेला, दाराकडे वळलेला. एरवी घरी मान ताटात, इथे मान कातड्यात. बायकोच्या दिशेला तोंड व्हायचं ते तेवढंच, डोळे बसवायच्या दुपारी. आणि ती म्हणायची, अजून जरा, अजून थोडं.

"अगं, मग बोलायचं होतंस ना!" काका मोठ्याने म्हणाले. म्हणाले आणि स्वतःचीच लाज वाटली. ती तर बोलतच होती. गोष्टींवर गोष्टी वाचत होती, यातली लांडगी कोण म्हणून विचारत होती, आणि हा शहाणा शेपट्या मोजत बसला होता. ते तिथेच तोंड झाकून रडले. एवढे तर ती गेली तेव्हाही रडले नव्हते.

मॅडम आल्या, लांडगीसमोर उभ्या राहिल्या आणि संतापल्या. "काका, पुन्हा पोटाकडे? मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत. नाही बदलणार. खोली सामानाला द्या." काकांनी हत्यारं आधीच पिशवीत भरली होती. "फक्त हे स्टूल दालनात तिच्यासमोर ठेवू द्या."

"तिथे कोण बसणार आहे?"

"मी बसेन. रोज येईन, तिकीट काढून."

मॅडमनी पहारेकऱ्याला लांडगी दालनात मांडायला सांगितलं. काकांनी स्टूल उचललं, दालनात नेलं, लांडगीच्या समोर नीट टेकवलं आणि बसले.

"बोल," ते म्हणाले, "मी ऐकतोय."